रिपोर्टमध्ये 'पॉलिप' लिहून आलंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, कळवा, वाशी, पनवेल, कुठेही पोटाच्या तक्रारीसाठी सोनोग्राफी किंवा दुर्बिणीची तपासणी केली की कधी ना कधी रिपोर्टच्या तळाशी 'पॉलिप' हा शब्द दिसतो. हा शब्द म्हणजे निदान नव्हे, ते नुसतं वर्णन आहे. तो कुठे आहे, केवढा आहे, किती आहेत आणि सूक्ष्मदर्शकाखाली काय निघालं, ही चार उत्तरं मिळाल्याशिवाय घाबरण्यातही अर्थ नाही आणि निर्धास्त होण्यातही.

पॉलिप म्हणजे नेमकं काय?

आतड्याला आतून ओलसर गुलाबी अस्तर असतं, साधारण गालाच्या आतल्या बाजूसारखं. त्या अस्तराचा एखादा भाग वाजवीपेक्षा जास्त वाढून पोकळीत पुढे आला की त्याला पॉलिप म्हणतात. काही देठाचे असतात, अळंबीसारखे लोंबतात. काही बसके, चामखिळीसारखे. आणि काही इतके सपाट की अस्तरावरची बारीक शिरांची जाळी तेवढ्या जागी पुसट दिसते, एवढीच त्यांची खूण. हे शेवटचे डॉक्टरांच्या नजरेतून सुटू शकतात, म्हणून पोट स्वच्छ असण्याचा एवढा आग्रह धरतात.

मापाचा अंदाज स्वयंपाकघरातून घ्या: मोहरी दीड-दोन मिलिमीटर, तुरीची डाळ पाचएक मिलिमीटर, मोठा काबुली चणा दहाच्या आसपास. बहुतेकांचे पॉलिप मोहरी ते तूरडाळ एवढेच असतात. १० मिलिमीटरच्या पुढे गेलं की डॉक्टरांचा सूर बदलतो.

नाकातला किंवा गर्भाशयातला पॉलिप ही वेगळी प्रकरणं आहेत. नाव तेवढं सारखं.

हा कॅन्सर आहे का? पुढे होईल का?

मोठ्या आतड्यातले बहुतेक पॉलिप कॅन्सर नसतात. पण मोठ्या आतड्याचे बहुतेक कॅन्सर कधीकाळी पॉलिपच होते. दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि दोन्ही एकत्रच लक्षात ठेवायची.

कोणता पॉलिप त्या वाटेने जाऊ शकतो, हे प्रकारावर ठरतं. हायपरप्लास्टिक पॉलिप बहुतेक गुदाशयात आणि त्याच्या लगतच्या भागात, छोटे, फिकट असतात आणि त्यांच्यापासून धोका जवळजवळ नसतो. अ‍ॅडिनोमा हा खरा लक्ष देण्याचा प्रकार. तो आज निरुपद्रवी असतो, पण त्याच्या पेशींत बदल सुरू झालेले असतात. तो वाढत वाढत कॅन्सरपर्यंत जायला साधारण दहा वर्षं किंवा जास्त लागतात, आणि बरेचसे तिथवर जातच नाहीत. तिसरा प्रकार सेराटेड, करवतीच्या दात्यांसारख्या कडेचा. यातले 'सेसाइल सेराटेड' म्हणून लिहिलेले पॉलिप बहुधा उजव्या बाजूला, सपाट, वर शेंबडासारखा थर घेऊन बसलेले असतात. त्यांनाही अ‍ॅडिनोमाइतकंच गांभीर्याने घेतात. आतड्याला दीर्घकाळ सूज राहिल्यावर उरलेले 'इन्फ्लमेटरी' पॉलिप म्हणजे जखम भरून आल्यावर राहिलेले उंचवटे. तिथे लक्ष मूळ आजाराकडे द्यायचं.

आज कोणता कुठे जाईल हे बाहेरून पाहून खात्रीने सांगता येत नाही, म्हणून दिसला की काढतात. मोठ्या आतड्याची दुर्बीण ही अशी तपासणी आहे की जी आजार शोधता शोधता पुढचा आजार टाळते. असं फार थोड्या तपासण्यांबद्दल म्हणता येईल.

जठरात पॉलिप निघाला, त्याचं काय?

जठराचं गणित निराळं. दोन प्रकार वारंवार भेटतात. एक 'फंडिक ग्लँड' पॉलिप: छोटे, चकचकीत, अनेक. पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल, ओमेप्राझोल यांपैकी पित्ताची गोळी वर्षानुवर्षं रोज घेणाऱ्यांत ते जास्त दिसतात. रोज सकाळी चहाआधी एक गोळी, चिठ्ठी कधीची आणि कोणी दिलेली हे आता आठवतही नाही, अशी माणसं घरटी एक सापडेल. पॉलिपपेक्षा ती गोळी अजून लागते का, हा प्रश्न जास्त मोलाचा आहे. मात्र हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल, तर संरक्षणासाठीच ती गोळी दिलेली असू शकते. विचारल्याशिवाय थांबवू नका.

दुसरा हायपरप्लास्टिक. हा सुजलेल्या जठरात उगवतो आणि सुजेमागे बऱ्याचदा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असतो. जंतूचा कोर्स पूर्ण केल्यावर असे पॉलिप अनेकदा आपोआप लहान होतात किंवा जातात. कोर्स संपल्यावर निदान चार आठवड्यांनी, आणि पित्ताची गोळी दोन आठवडे बंद ठेवून, जंतू गेला की नाही याची पुन्हा तपासणी करायची असते. बहुतेक जण नेमकं हेच टाळतात. जठरातला अ‍ॅडिनोमा कमी आढळतो, पण आढळला तर पूर्ण काढतात.

सोनोग्राफीत पित्ताशयात ४ मिलिमीटरचा पॉलिप लिहिलाय. ऑपरेशन?

नाही. पित्ताशयातले असले बहुतेक 'पॉलिप' म्हणजे भिंतीला चिकटलेले कोलेस्टेरॉलचे कण असतात. ५ मिलिमीटरपर्यंत आणि जोखमीचं दुसरं काही नसेल तर पाठपुराव्याचीही गरज नसते. ६ ते ९ मिलिमीटरला सहा महिन्यांनी, एक वर्षाने, दोन वर्षांनी सोनोग्राफी. वय साठीपुढे, बसका पॉलिप, भिंत जाड अशी भर असेल तर शस्त्रक्रियेचा विचार. १० मिलिमीटर किंवा जास्त असेल तर पित्ताशय काढायचा सल्ला देतात. सोनोग्राफी शक्यतो उपाशीपोटी आणि दर वेळी एकाच ठिकाणी करा. दोन केंद्रांच्या मापात एक-दोन मिलिमीटरचा फरक सहज पडतो आणि 'वाढला' म्हणून उगाच घबराट होते.

शौचातून रक्त जातं, पण ते मूळव्याधीचं असेल ना?

असेलही. पण न पाहता तसं म्हणू नका. स्टेशनबाहेर 'मूळव्याध, भगंदर, फिशर : विना ऑपरेशन' अशा पाट्या डझनाने दिसतात आणि रक्त दिसलं की माणूस थेट तिकडे वळतो. मूळव्याध आणि पॉलिप एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात. रक्ताला मूळव्याधीचं नाव चिकटलं की वर काय आहे ते कोणी बघत नाही.

बहुतेक पॉलिप काहीच त्रास देत नाहीत. मोठे असतील तर रक्त, शेंबडासारखा चिकट स्राव, किंवा नुसताच अशक्तपणा. चाळिशीपुढच्या पुरुषाचं किंवा पाळी थांबलेल्या बाईचं हिमोग्लोबिन कारण नसताना उतरलं, लोह कमी निघालं, तर लोहाच्या गोळ्या चालू करून गप्प बसणं ही चूक. रक्त कुठून जातंय ते शोधायला हवं.

कोलोनोस्कोपीआधी (म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीआधी) पोट साफ करायचं औषध घेतलं, तरी 'पोट साफ नव्हतं' म्हणाले. चुकलं काय?

निम्म्या अडचणी इथेच होतात, म्हणून सविस्तर.

तीन दिवस आधीपासून चोथा बंद: पालेभाज्या, ज्वारी-नाचणीची भाकरी, कडधान्यं, कोशिंबीर, पेरू, तीळ, सब्जा, टोमॅटोच्या बिया, इसबगोल. बिया दुर्बिणीच्या शोषनळीत अडकतात आणि तपासणी तिथेच रखडते. मऊ भात, गाळलेलं वरण, पांढरा पाव, अंडं, उकडलेला बटाटा, दही चालतं. लोहाच्या गोळ्या पाच ते सात दिवस आधी बंद, कारण मळ काळा आणि चिकट होतो.

आदल्या दिवशी फक्त आरपार दिसेल असं द्रव: लिंबू सरबत, मलई काढलेलं शहाळ्याचं पाणी, वरणाचं वरचं गाळलेलं पाणी, बिनदुधाचा चहा. कोकम सरबत, बीट, कलिंगड, लाल-जांभळी पेयं नकोत, आत गेल्यावर ती रक्तासारखी दिसतात. सोलकढी दोन्ही कारणांनी बाद: रंगही लाल आणि नारळाचं दूध आरपार दिसत नाही. त्या दिवशी पान आणि मशेरीही सोडा.

पावडरचं मोठं पाकीट बहुधा दोन लिटर पाण्यात विरघळवायचं असतं. तांब्याने किंवा अंदाजाने मोजू नका, लिटरच्या दोन बाटल्या घ्या. कमी पाण्यात कालवलं तर मळमळ वाढते. साखर घालू नका. फ्रीजमध्ये गार केलेलं घशाखाली लवकर उतरतं. दर १० ते १५ मिनिटांनी एक पेला, साधारण २०० ते २५० मिलिलिटर. उलटी झाली तर अर्धा तास थांबा आणि मग सावकाश पुढे चालू करा. उलटीनंतर 'एवढं पुरे' म्हणून सोडून देणं हे तपासणी फसण्याचं नेहमीचं कारण.

औषध दोन भागांत घ्या: अर्धं आदल्या संध्याकाळी, अर्धं तपासणीच्या चार ते सहा तास आधी सुरू करून किमान दोन तास आधी संपवायचं. सगळं आदल्या रात्रीच संपवलं तर रात्रभरात लहान आतड्यातून पिवळा चिकट रस उतरतो आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला पसरतो. सपाट पॉलिप असतात तेही तिथेच. म्हणून शक्य असेल तर अकराच्या सुमाराची वेळ मागा. नऊची असेल तर पहाटे तीन-चारला उठावं लागेल.

तयार झालं कसं ओळखायचं? शेवटी फिकट पिवळं, भांड्याचा तळ दिसेल असं पाणी पडलं पाहिजे. तपकिरी, कण असलेलं पाणी म्हणजे अजून बाकी आहे. निघण्याआधी रुग्णालयाला फोन करा, तिथे पोचून सांगू नका.

दोन घरगुती सूचना. सोसायटीत पाणीकपातीचा दिवस असेल तर बादल्या आधीच भरून ठेवा. आणि रुग्णालय जवळचं निवडा: लोकलमध्ये शौचालय नसतं आणि घोडबंदर रोडच्या कोंडीत दुसऱ्या डोसनंतरचा अर्धा तास फार मोठा असतो.

मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल, वय जास्त असेल, तर कोणतं औषध ते डॉक्टरांनीच ठरवावं. सोडियम फॉस्फेटचं औषध प्रमाणात कमी प्यावं लागतं म्हणून लोकांना आवडतं, पण ते मूत्रपिंडाला इजा करू शकतं.

मधुमेहाच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्यांचं काय?

वेळ ठरवतानाच सगळ्या गोळ्यांची पाकिटं टेबलावर ठेवा. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन गटातल्या गोळ्या साधारण तीन दिवस आधी थांबवतात. उपाशीपोटी त्यांच्यामुळे साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साठू शकतं. नुसती साखर मोजून ते कळत नाही. इन्सुलिनचा डोस कमी करावा लागतो, किती ते विचारून घ्या. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर साखरेचं पाणी घ्या. त्याने तपासणी बिघडत नाही.

अ‍ॅस्पिरिन बहुधा चालू ठेवतात. क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन किंवा नवी रक्त पातळ करणारी औषधं किती दिवस थांबवायची, हे हृदयाचे डॉक्टर आणि दुर्बिणीचे डॉक्टर मिळून ठरवतात. अलीकडेच स्टेंट बसवला असेल तर तपासणी पुढे ढकलणं हेच शहाणपण. शेजाऱ्याने पाच दिवस बंद केली होती म्हणून आपणही करू नये.

पॉलिप काढताना दुखतं का?

कापताना नाही. आतड्याचं अस्तर कापल्याची वेदना जाणवत नाही, ताणल्याची जाणवते. पोटात हवा भरल्यामुळे जो कळ आल्यासारखा त्रास होतो तो त्यातलाच. बहुतेक ठिकाणी शिरेतून गुंगीचं औषध देतात.

१० मिलिमीटरपर्यंतचा पॉलिप तारेच्या फासात, भोवतीचं एक-दोन मिलिमीटर निरोगी अस्तर धरून, वीज न वापरता कापतात. थोडं रक्त येतं आणि थांबतं. मोठा, बसका असेल तर त्याखाली निळसर रंगाचं पाणी टोचून तो फुगवून वर उचलतात, मग फास टाकतात. त्या पाण्याच्या गादीमुळे खालचा स्नायूचा थर वाचतो. जखमेवर धातूची छोटी चाप लावली असेल तर ती काही आठवड्यांनी आपोआप गळून शौचातून जाते. मधल्या काळात एमआरआय करायचा झाला तर तंत्रज्ञाला आधी सांगा. रिपोर्टमध्ये 'टॅटू' दिसला तर दचकू नका: पुढच्या वेळी जागा सापडावी म्हणून काळ्या शाईचा ठिपका टोचलेला असतो.

नंतर किती दिवस जपायचं? गणपतीला गावी जायचं आहे.

गुंगीनंतर २४ तास गाडी चालवायची नाही, सही-व्यवहार नाहीत. घरी न्यायला माणूस हवाच, एकट्याने रिक्षा करून जाऊ नका.

तूरडाळीएवढा पॉलिप साध्या फासाने काढला असेल तर दुसऱ्या दिवसापासून नेहमीची कामं करता येतात. मोठा काढला असेल तर रक्तस्राव दोन आठवड्यांपर्यंत कधीही होऊ शकतो, कारण जखमेवरची खपली तेव्हा सुटते. त्या काळात जड उचलणं टाळा आणि जवळ रुग्णालय नाही अशा गावी जाऊ नका. कोकणातलं घर आणि मुंबई–गोवा महामार्गावरची गर्दी डोळ्यांपुढे आणा आणि तारीखच सणानंतरची घ्या. तिकीट काढलेलं असेल तर ते तपासणीआधी सांगा, मोठा पॉलिप काढणं पुढे ढकलता येतं.

शौचाबरोबर रक्ताची एखादी रेघ चालते. पण अर्धी वाटी रक्त, गुठळ्या, पुन्हा पुन्हा रक्ताचे जुलाब, चक्कर, तर लगेच रुग्णालयात. वाढत जाणारी पोटदुखी, कडक झालेलं पोट, ताप हे आतड्याला छिद्र पडल्याचं लक्षण असू शकतं. ते क्वचित होतं, पण झालं तर तास मोलाचे असतात. अशा वेळी गॅस झालाय म्हणून ओवा चावत बसू नका.

रिपोर्ट कसा वाचायचा?

दोन कागद असतात आणि दोन्ही लागतात. पहिला दुर्बिणीचा, त्याच दिवशी मिळतो. त्यात हे शोधा: दुर्बीण 'सीकम'पर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या टोकापर्यंत, पोचली का (अपेंडिक्सच्या तोंडाचा फोटो असतो), पोट किती स्वच्छ होतं (बोस्टन मोजपट्टीवर ९ पैकी गुण, तीन भागांना प्रत्येकी किमान २ हवेत), दुर्बीण बाहेर काढताना किती वेळ पाहिलं (निदान सहा मिनिटं), आणि प्रत्येक पॉलिपची जागा, माप, तो पूर्ण निघाला की तुकड्यांत.

दुसरा पॅथॉलॉजीचा, काही दिवसांनी मिळतो. बरेच जण तो आणायलाच जात नाहीत, आणि 'डॉक्टर म्हणाले, काढून टाकलाय' एवढ्यावर फाइल बंद होते. पॉलिपचा प्रकार फक्त याच कागदावर असतो. 'ट्युब्युलर अ‍ॅडिनोमा, लो-ग्रेड डिस्प्लेशिया' हा मजकूर सर्वांत जास्त दिसतो. डिस्प्लेशिया म्हणजे पेशींची ठेवण बिघडलेली, कॅन्सर नव्हे. 'व्हिलस' (झालरीसारख्या रचनेचा) किंवा 'हाय-ग्रेड' (ठेवण जास्त बिघडलेली) असेल तर पुढची तारीख जवळची.

पुन्हा कधी तपासायचं?

पोट नीट साफ होतं आणि सगळं काढलं हे गृहीत धरून, प्रचलित अंतरं अशी. १० मिलिमीटरखालचे एक-दोन अ‍ॅडिनोमा: सात ते दहा वर्षं. तीन-चार: तीन ते पाच वर्षं. पाच ते दहा, किंवा एक जरी १० मिलिमीटर वा मोठा, किंवा व्हिलस, हाय-ग्रेड: तीन वर्षं. दहापेक्षा जास्त: एक वर्ष. २० मिलिमीटर किंवा मोठा तुकड्यांत काढलेला: सहा महिने. गुदाशयाजवळचे छोटे हायपरप्लास्टिक: दहा वर्षं. पंचाहत्तरीपुढे तब्येत पाहून ठरवतात.

छोटा पॉलिप निघाला म्हणून दर वर्षी दुर्बीण करायची गरज नाही. कोणी तसं सुचवलं तर कारण विचारा. पोट साफ नव्हतं हे एक रास्त कारण आहे.

काढा, पथ्य, काही खाऊन पॉलिप विरघळतो?

नाही. नवे होण्याची शक्यता मात्र कमी करता येते: तंबाखू कोणत्याही रूपात नको, दारू कमी, पोटाचा घेर कमी, भाज्या-कडधान्यं जास्त. सॉसेज, सलामी यांसारख्या प्रक्रिया केलेल्या मांसाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये कॅन्सरकारक ठरवलं. अ‍ॅस्पिरिनने पॉलिप कमी होतात असं वाचून ती स्वतःच्या मनाने सुरू करू नका, रक्तस्राव हा तिचा दुसरा गुण आहे.

मुलाच्या शौचातून रक्त जातं. मुलांनाही पॉलिप होतात?

होतात. दोन ते सहा वर्षांच्या आसपास, न दुखता, शौचानंतर लाल रक्त पडत असेल तर 'जुव्हेनाइल पॉलिप' हे नेहमीचं कारण. बहुधा एकच असतो, देठाचा, काढला की प्रश्न संपतो. अनेक असतील, किंवा ओठांवर आणि गालाच्या आत काळसर ठिपके असतील, तर गोष्ट आनुवंशिक असू शकते.

भावंडांनी तपासून घ्यावं का?

ते तुमच्या दुसऱ्या, म्हणजे पॅथॉलॉजीच्या, कागदावर ठरतं. छोटा साधा अ‍ॅडिनोमा असेल तर सहसा खास काही नाही. १० मिलिमीटर वा मोठा, व्हिलस, हाय-ग्रेड, किंवा कॅन्सर असेल, तर आई-वडील, सख्खी भावंडं आणि मुलं यांची तपासणी चाळिशीत, किंवा तुमचं निदान झालं त्या वयाच्या दहा वर्षं आधी, यांतलं जे लवकर येईल तेव्हा सुरू करतात. भावाला पन्नाशीआधी, समजा ४४ व्या वर्षी कळलं, तर बहिणीने ३४ व्या वर्षी.

आतड्यात शेकडो पॉलिप असतील तर तो 'एफएपी' हा आनुवंशिक आजार असू शकतो. त्यात मुलांची तपासणी दहा-बारा वर्षांपासूनच करतात. अशा कुटुंबाला जनुकीय सल्ला घ्यावा लागतो. टाटा मेमोरियलमध्ये त्यासाठी वेगळा विभाग आहे आणि त्यांचं अ‍ॅक्ट्रेक हे केंद्र खारघरला आहे.

घरच्यांच्या ग्रुपवर 'पॉलिप निघाला, काढला, काळजी नको' एवढाच निरोप टाकू नका. पॅथॉलॉजीच्या कागदाचा फोटो पाठवा, तुमचं वय लिहून. बहिणीच्या डॉक्टरांना तोच लागणार आहे.